आरेच्या नावापुढे काय लिहायचं?

मेट्रो तीनने मी रोज बीकेसीहून मरोळ नाक्याला येतो. फलाटावरच्या पाटीवर गाडीच्या शेवटच्या स्थानकाचं नाव असतं: आरे. मला तिथवर जायचं नसतं, पण नाव रोज वाचलं जातं. एका संध्याकाळी घरी सहज म्हटलं, "आजी, हल्ली मी आरेच्या गाडीने येतो." त्यावर तिने विचारलं, "दुधाच्या?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आठवणीतली आरेची गाडी पहाटे काचेच्या बाटल्या खणखणवत दूधकेंद्रावर यायची. कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, रिकाम्या बाटल्या परत करायच्या, भरलेल्या घ्यायच्या. बाटलीच्या तोंडावर चंदेरी झाकण. ते झाकण पोरं जपून ठेवायची आणि दिवाळीच्या किल्ल्यावर त्यांची तळी करायची.

माझ्यासाठी आरे म्हणजे शाळेची छोटा काश्मीरची सहल, पवईहून गोरेगावला जाताना अचानक गार होणारी हवा, आणि ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्र. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि काही तासांत कारशेडच्या जागेवर करवती सुरू झाल्या. फोनवर व्हिडिओ येत होते. मी ते अंथरुणात पडून पाहिले, पुढे पाठवले आणि झोपलो. गेलो नाही. आणि आज त्याच कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत बसून घरी येतो. गाडी चांगली आहे, वेळेवर येते, आणि माझा रोजचा तासभर वाचतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

आजीच्या "दुधाच्या?"मुळे मी आरेबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की आपण आरेवर इतकी वर्षं भांडलो, पण ते नक्की आहे काय, हेच धड ठरवलं नाही. एक बाजू म्हणत होती, जंगल आहे. दुसरी म्हणत होती, सरकारी जमीन आहे. मूळ कागदावर मात्र तिसरंच लिहिलेलं होतं: दुग्ध वसाहत. म्हणजे सरळ मराठीत, गुरांचा मळा.

म्हशींना शहराबाहेर काढा

चाळीसच्या दशकातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. युद्ध, रेशन, वाढती वस्ती आणि भर वस्तीत म्हशींचे तबेले. शेणाचे ढीग, माश्या, दुर्गंधी. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती, हा रोजचा प्रश्न. याहून वाईट हाल म्हशीचे. गुजरातेतून आणि त्याहून लांबून दुभती म्हैस मुंबईत आणायची, दूध आटेपर्यंत ठेवायची आणि भाकड झाली की कसायाला द्यायची, कारण शहरात तिला पुढच्या वेतापर्यंत पोसणं परवडत नसे. पारडू तर सुरुवातीलाच उपाशी मरे. देशातल्या उत्तम म्हशी अशा एका वेतात संपत होत्या.

सरकारने यात हात घातला. दूध दोन वाटांनी आणायचं ठरलं. पहिली वाट म्हणजे लांबून आणणं. १९४५ मध्ये गुजरातेतल्या आणंदहून मुंबईला दूध यायला लागलं. ते गोळा करण्याचं काम पोल्सन या खासगी डेअरीकडे होतं. भाव कमी मिळतो म्हणून खेड्याचे शेतकरी चिडले, त्यांनी दूध देणं थांबवलं आणि डिसेंबर १९४६ मध्ये स्वतःचा सहकारी संघ नोंदवला. तोच संघ पुढे अमूल म्हणून जगाला माहीत झाला. अमूलची गोष्ट आपण नेहमी आणंदपासून सुरू करतो, पण तिच्या मुळाशी मुंबईची दुधाची तहान होती.

दुसरी वाट होती आरे. शहरातल्या म्हशी उचलायच्या आणि गोरेगावच्या पूर्वेला टेकड्यांमध्ये नेऊन ठेवायच्या. ही कल्पना तडीस नेली दारा खुरोडी यांनी. ते मुंबईचे दूध आयुक्त होते. १९४९ मध्ये वसाहत उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुमारे तेराशे हेक्टर जमीन, तीसेक युनिटं, प्रत्येक युनिटात गोठ्यांच्या रांगा. गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या. सरकार जागा, पाणी, चारा देणार आणि दूध विकत घेणार. म्हशींची संख्या पुढे सोळा हजारांच्या आसपास गेली. चाऱ्यासाठी ओलसर सखल जमिनीवर पॅरा गवत लावलं आणि गोठ्यातलं शेणपाणी त्याच गवताला सोडलं. म्हशीने गवत खायचं, गवताने शेण खायचं, असा हिशोब होता.

खुरोडींच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या फ्रिजमध्ये आजही सापडते: टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात सातेक टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि दुधाची पावडर घालून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणला, तर एका लिटरचं दोन लिटरहून जास्त दूध होतं, पौष्टिकपणा बराचसा टिकतो आणि भाव उतरतो. गवळ्याने पाणी घातलं तर भेसळ. खुरोडींनी मोजून, पावडरीसकट घातलं आणि गरिबाच्या घरी दूध पोचलं. १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत विभागून. तिघांपैकी कुरियन सगळ्यांना माहीत आहेत. खुरोडींचं नाव मी तरी आजी "दुधाच्या?" म्हणेपर्यंत ऐकलं नव्हतं.

मुंबई चालत आली

आरे स्थापन झालं तेव्हा गोरेगाव मुंबईतच नव्हतं. मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली ती १९५७ मध्ये. म्हणजे मळा आधी आणि शहर नंतर. आता भोवतीच्या टॉवरांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं, की एवढ्या महाग जागेत म्हशी कशाला? म्हशींच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न उलटा आहे.

शहर भोवती आलं तसं मळ्याचे लचके तुटत गेले. तिथलं प्रत्येक काम ऐकायला रास्त वाटावं असंच होतं. १९७७ मध्ये चित्रनगरी आली. राज्य राखीव पोलीस दल आलं, पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जागा मिळाली, २६/११ नंतर फोर्स वनचा तळ आला. कुणीच सिनेमाच्या, पोलिसांच्या किंवा गुरांच्या डॉक्टरांच्या विरोधात असण्याचं कारण नाही. पण जागा द्यायची वेळ आली की बोट आरेकडेच वळायचं. मोकळी जमीन, मालक सरकारच, आणि काय, गवतच तर आहे!

तोवर दुधाचं बस्तान दुसरीकडे बसलं होतं. प्लास्टिकची पिशवी आली, सहकारी संघांचं दूध आलं, आरेची बाटली इतिहासजमा झाली. आरे सरिता नावाचे स्टॉल उरले. म्हशी मात्र राहिल्या. आजही पहाटे युनिटांमधून दूध निघतं. मळा बंद पडलेला नाही, फक्त तो कशासाठी आहे हे शहर विसरलंय.

कॉलनी मागाहून आली

पावसाळ्यात गोरेगाव स्टेशनबाहेर काही बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, कधी घरची काकडी आणि भेंडी. मी एकदा कौतुकाने विचारलं, "मावशी, आरे कॉलनीतल्या का?" त्यांनी जुडी बांधता बांधता सांगितलं, "कॉलनी मागाहून आली, भाऊ. आम्ही पाड्यावरचे."

आरेमध्ये सत्तावीस पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा, चाफ्याचा पाडा अशी त्यांची नावं. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं इथे राहतात. पावसावर भात होतो, परसात भाजी, बांधावर आंबा आणि ताड. वाघोबा हा त्यांचा देव.

मी वर ज्या मळ्याचं कौतुक केलं, तो याच लोकांच्या डोक्यावर आखला गेला. नकाशावर युनिटांना एक, दोन, तीन असे आकडे मिळाले. ज्यांना आधीच नावं होती, ते पाडे कागदावर जमिनीचे मालक म्हणून उमटले नाहीत. बापजाद्यांपासून कसलेल्या जमिनीचा सातबारा नाही, म्हणून घराला पक्की भिंत घालायची तरी परवानगी कुणाकडे मागायची हा प्रश्न. कारशेडच्या कामात प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांना इमारतीतल्या खोल्या मिळाल्या. ज्याचं अंगण गेलं, शेत गेलं, त्याला चार भिंती मिळाल्या.

तेव्हा आरे ही स्वतंत्र भारताची एक अभिमानाची गोष्ट आहे आणि एक अन्यायाची गोष्टही आहे. वारसा म्हणून जपायचं असेल, तर दोन्ही जपायला हव्यात. एकच जपली तर ते बाटलीच्या चंदेरी झाकणासारखं होईल: छान चमकतं, पण आत काही नाही.

जंगल आहे, नाही आहे

२०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि त्यात आरे बांधकामाला खुलं करण्याचा विचार दिसला. लोक खवळले, मसुदा मागे घ्यावा लागला. तोवर मेट्रो तीनच्या कारशेडचा वाद सुरू झालाच होता. डिसेंबर २०१६ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. त्यात आरेचा बराच भाग आला, पण कारशेडचा तुकडा वगळला गेला.

न्यायालयात मुद्दा आला तो असा: आरे जंगल आहे का? जंगल असेल तर वनकायदे लागू, नसेल तर नाही. सरकारी बाजू म्हणाली, ही दुग्ध वसाहतीची जमीन आहे, वनखात्याची नाही. वाचवणारे म्हणाले, बिबटे इथे पिल्लं वाढवतात, आरेवरून नाव पडलेला विंचू इथे आहे, ओशिवरा नदी इथून निघते, मिठी इथून वाहते, याला जंगल म्हणायचं नाही तर कशाला? उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जंगलाचा दावा मान्य केला नाही.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. दोन हजार १४१ झाडं तोडली गेली. २९ आंदोलकांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर तोडायची ती बहुतेक तुटली होती. २०२० मध्ये नव्या सरकारने कारशेड कांजूरमार्गला नेली आणि आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करायचं ठरवलं. कांजूरच्या जागेवर केंद्र आणि राज्य भांडले, उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, कारशेड परत आरेत आली. ५ ऑक्टोबर २०२४ ला, झाडं पडली त्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, मेट्रो तीनच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं.

या सगळ्यात माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट अडकून राहिली. मी कामावर फॉर्म बनवतो. ड्रॉपडाउनमध्ये 'इतर' ठेवायला विसरलो, तर भरणारा माणूस त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडतो. फॉर्म पुढे जातो, पण साठलेली माहिती चुकलेली असते आणि तिच्यावरून पुढचे सगळे निर्णय चुकतात. आरेच्या फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते: वन आणि बिगरवन. वन म्हटलं तर गोठे, गवताची खाचरं, पाड्यांची भातशेती यांना जागा राहत नाही. बिगरवन म्हटलं तर उद्या तिथे काहीही येऊ शकतं. आरे वाचवायला 'जंगल' म्हणावं लागलं, कारण कायद्याच्या कोठारात तेवढं एकच हत्यार होतं. आंदोलकांना मी दोष देत नाही. मी तर अंथरुणात होतो.

पण जरा आरेच्या रस्त्यावरून चालून पाहा. दिनकरराव देसाई मार्गावर सावली देणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. पॅरा गवत आफ्रिकेतलं. गवत आणि गोठे आहेत म्हणून गायबगळे आहेत. गोठ्यांच्या आसपास कचरा आहे म्हणून कुत्री आहेत, कुत्री आहेत म्हणून बिबट्याला रात्रीचं जेवण आहे, आणि त्याच कारणाने तो माणसांच्या दाराशीही येतो. बिबट्याच्या हल्ल्यात आरेत माणसं गेलीही आहेत. शेजारी १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, ते जंगल. आरे म्हणजे त्या जंगलाच्या आणि शहराच्या मधला मळा. जंगलाचा धक्का शहराला आणि शहराचा धक्का जंगलाला बसू नये, म्हणून मधे अंग देऊन उभा राहिलेला.

मग करायचं काय?

मळाही वारसा असू शकतो, हे जगात कुणी मानलेलं नाही असं नाही. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात ४७ एकरांचं एक शेत आहे. तिथे १६९७ पासून शेती होते. मधली काही दशकं ते एका मनोरुग्णालयाचं शेत होतं, रुग्णांसाठी भाजी पिकवायचं. पुढे रुग्णालयाला गरज उरली नाही, तेव्हा जागा बिल्डरकडे जाण्याऐवजी शहराच्या उद्यान विभागाकडे आली. आज तिथे गुरं आहेत, पिकं आहेत, शाळेची मुलं येतात. शहराने ते जंगल असल्याचं सोंग केलं नाही. शेत आहे म्हणूनच ते जपलं.

आरे त्या शेताच्या साठपटीहून मोठं आहे आणि गुंतागुंत तर कितीतरी जास्त. तरी सुरुवात कुठून करायची ते अवघड नाही.

पहिलं काम पाड्यांचं. त्यांची घरं आणि शेतं मोजून कागदावर आणायची. राखीव वनाची प्रक्रिया सुरू होते, तेव्हा लोकांचे हक्क ऐकून घेण्यासाठी अधिकारी नेमावा लागतो. वनहक्क कायदाही २००६ पासून आहे. 'जंगल' हा शब्द वापरायचाच असेल, तर त्याच्यासोबत येणारे हे हक्कही पूर्ण वापरा. हे आधी झालं नाही, तर वारसास्थळ म्हणजे पाडेकऱ्यांना बाहेर काढायचा आणखी एक सभ्य मार्ग ठरेल. आणि मळा म्हणजे काय, हे शिकवायला त्यांच्याहून लायक माणसं दुसरी नाहीत.

दुसरं काम गोठ्यांचं. सगळे गोठे सुंदर आहेत असं म्हणणाऱ्याने तिथे पाऊल ठेवलेलं नाही. दाटीने बांधलेल्या म्हशी, नाल्यातून नदीला जाणारं शेण. शेण गवताला घालायचा मूळ हिशोब कुठेतरी सुटलाय, तो परत जुळवायला हवा. शेणाचा गॅस करा, खत करा, पण नदीत सोडू नका. म्हशी कमी असल्या तरी चालतील, पण नीट असाव्यात. एखादं युनिट लोकांना आत जाऊन पाहता येईल असं करा. मुंबईच्या किती मुलांनी धार काढताना पाहिली आहे?

तिसरं काम आठवणीचं. एखाद्या जुन्या गोठ्यात काचेची बाटली, दुधाचं कार्ड, खुरोडींचा हिशोब, पोल्सनविरुद्धचा संप, पाड्यांच्या नावांचा नकाशा आणि ऑक्टोबर २०१९ ची ती रात्र, हे सगळं एका छपराखाली मांडता येईल. रात्रही हवीच. ती वगळून केलेलं प्रदर्शन सरकारी कॅलेंडर होईल.

आणि चौथं: फॉर्ममध्ये तिसरा पर्याय घाला. वापरात असलेला, कसला जाणारा, माणसं राहत असलेला मळा म्हणून जमिनीला संरक्षण देणारी सोय आपल्या नियमांत हवी. नाहीतर शहराच्या कडेला असलेली प्रत्येक जागा एक तर जंगल असल्याचं सिद्ध करत कोर्टात उभी राहील, किंवा प्लॉट होईल.

या दिवाळीआधी आजीने वसुबारसेला गाय-वासराची पूजा करायची म्हणून मला रांगोळीचे साचे शोधायला लावले. त्याच तिथीला, अश्विन वद्य द्वादशीला, आरेच्या पाड्यांवर वाघबारस असते. लोक वाघोबाच्या देवळापाशी जमतात आणि आमच्या गुरांना, आमच्या पोरांना सांभाळ म्हणून त्याला नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी एकीकडे गाय, दुसरीकडे तिला खाणारा. आमच्या घरात पहिला सण माहीत होता, दुसऱ्याचं नाव मी आजीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा ऐकलं. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बरोबरच आहे की. गुरं ठेवायची तर वाघाशीही बोलून ठेवायला पाहिजे."

गेल्या रविवारी तिला मेट्रोने आरेला घेऊन गेलो. सगळी स्थानकं जमिनीखाली, पण आरेला गाडी जमिनीवर येते. बाहेर पडून रिक्षा केली, आत गेलो आणि एका युनिटापाशी थांबलो. तिथल्या माणसाने अजून कोमट असलेलं दूध पिशवीत ओतून दिलं. आजीने पिशवी हातात धरून वजन पाहिलं आणि म्हणाली, "बाटली असती तर बरं झालं असतं."